तुम्ही विचारलंत म्हणून: कार निकोबारला आम्ही दिवसभर करतो तरी काय?

दोन वर्षांतून एकदा आम्ही नगरला येतो, आणि पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात चहाचा कप हातात पडायच्या आत हा प्रश्न येतोच: "वहिनी, या वयात तिकडे समुद्रात जाऊन दिवसभर करता तरी काय?" विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, थोडे कुतूहल असते, आणि कधीकधी असाही समज असतो की आम्ही नारळाच्या झाडाखाली बसून हवा खात असू. मी दर वेळी "असते काहीबाही" म्हणून वेळ मारून नेते, कारण उत्तर चहाच्या कपात मावणारे नाही. या खेपेला बसून लिहावे असे ठरवले.

आधी एक गैरसमज दूर करते. 2018 साली एक अमेरिकन तरुण धर्मप्रचारासाठी उत्तर सेंटिनल बेटावर उतरला आणि तेथील लोकांच्या बाणांनी मारला गेला, तेव्हापासून अंदमानात मिशनरी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र येते. ते बेट आमच्यापासून शेकडो किलोमीटर उत्तरेला आहे, तेथे जाण्यास कायद्याने बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे असे आमचे दोघांचेही स्पष्ट मत आहे. आम्ही राहतो ते कार निकोबार हे पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला सुमारे 270 किलोमीटरवर असलेले, जेमतेम 127 चौरस किलोमीटरचे, प्रवाळाचे सपाट बेट. येथेही 1956 च्या आदिवासी संरक्षण नियमांमुळे बाहेरच्या माणसाला पासशिवाय पाऊल ठेवता येत नाही. आम्ही पासवर राहणारे पाहुणे आहोत, आणि घर कितीही आपलेसे वाटले तरी ते विसरून चालत नाही.

दुसरी गोष्ट अशी की येथे कोणाला ख्रिस्ती करायचे शिल्लक राहिलेले नाही. अठराव्या शतकात, 1768 मध्ये, डॅनिश राजवटीच्या आश्रयाने मोरावियन पंथाचे मिशनरी नानकौरी बेटावर आले होते. हिवतापाने त्यांची माणसे एकामागून एक गेली आणि दोन दशकांत त्यांना गाशा गुंडाळावा लागला. कार निकोबारला चर्च रुजले ते त्यानंतर शतकभराने, आणि ते रुजवण्यात गोऱ्या मिशनऱ्यांइतकाच, किंबहुना अधिकच, मद्रासकडून आलेल्या व्ही. सॉलोमन नावाच्या धर्मशिक्षकाचा हात होता. त्यांनी मूस गावी मुलांना शिकवले, आणि त्या मुलांतलाच एक, जॉन रिचर्डसन, पुढे 1950 मध्ये बिशप झाला, 1952 मध्ये पहिल्या लोकसभेवर नामनियुक्त सदस्य म्हणून गेला आणि त्याने नवा करार निकोबारी भाषेत आणला. आज या बेटावरचे बहुतेक सर्व निकोबारी ख्रिस्ती आहेत. रविवारी चर्चमध्ये चार आवाजांत जे गायन होते ते ऐकल्यावर, टाळ-मृदंगाच्या भजनात वाढलेले आमचे साहेब पहिल्या दिवशी मला हळूच म्हणाले, "यांना आपण काय शिकवणार?" प्रश्न रास्त होता. आम्ही येथे जे करतो ते या प्रश्नाच्या उत्तरादाखल हळूहळू जमत गेले.

आमचे साहेब निवृत्त पाळक आहेत आणि मी चौतीस वर्षे परिचारिका होते. दोघांचे निवृत्तिवेतन आहे, त्यावर आमचे भागते; पगाराविषयी विचारणाऱ्यांना एवढे पुरे.

दिवस चारला सुरू होतो. यात पुण्याईचा काही भाग नाही, सूर्याचा आहे. देशभर घड्याळ एकच, पण हे बेट नगरच्या पूर्वेला अठरा रेखांशांवर असल्याने पाचच्या सुमारास लख्ख उजाडते आणि नोव्हेंबरात तर संध्याकाळचे पाच वाजायच्या आतच सूर्य बुडतो. पहिले काही महिने माझे शरीर नगरच्या घड्याळावर चालत होते आणि मन सूर्यावर. आता दोघांनीही माघार घेऊन बेटाचे ऐकायला सुरुवात केली आहे. चहा, बायबलवाचन, प्रार्थना, आणि मग पावसाचे पाणी धरलेली पिंपे पाहणे. येथे नदी नाही. मे महिन्यात सुरू झालेला पाऊस डिसेंबरपर्यंत कमीअधिक चालूच असतो, त्यामुळे पाण्याला तोटा नसतो, मात्र ते धरून आणि झाकून ठेवावे लागते, नाहीतर डास आणि डासांमागून ताप येतो.

स्वयंपाकघराविषयी थोडे अधिक लिहिते, कारण माझ्या मते बेटावरचे खरे आयुष्य तेथेच कळते. आम्ही नगरची माणसे भाजीत शेंगदाण्याचे कूट घालणारी. येथे नारळ इतका की तो डुकरांना आणि कोंबड्यांना खायला घालतात, आणि शेंगदाणा मात्र जहाजाने येतो. कांदा, बटाटा, डाळ, गॅसचे सिलिंडर, औषधे, शाळेच्या वह्या, सारे काही पोर्ट ब्लेअरहून जहाजाने मूसच्या जेटीवर उतरते, आणि समुद्र खवळला की येत नाही. मग बाजारात आठवडा-आठवडा कांदा दिसत नाही आणि ज्यांच्या घरी चार कांदे आहेत ते कोणाला सांगत नाहीत. या पापातून मीही मुक्त नाही. नगरहून आणलेले ज्वारीचे पीठ पहिल्या पावसाळ्यात दमटपणाने कडू झाले, पापड तर वाळतच नाहीत, आणि मिठाच्या बरणीत रोज पाणी सुटते. शेवटी शेजारणीने मला येथील अन्न रांधायला शिकवले. केवड्याच्या जातीचे एक झाड येथे आहे, त्याचे भले मोठे फळ तासन्‌तास उकडायचे, गर खरवडायचा, त्यातले दोरे शांतपणे ओढून काढायचे आणि उरलेला पिवळसर गोळा ताज्या खोबऱ्याबरोबर खायचा. केवडा म्हणजे अंबाड्यात माळायचा, एवढेच मला ठाऊक होते. दोरे काढण्याचे काम बायका गोल बसून करतात, आणि बेटावरच्या साऱ्या बातम्या मला तेथेच कळतात.

आठनंतर साहेब चर्चच्या कार्यालयात बसतात. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या नीट लावणे हे त्यांनी हाती घेतलेले पहिले काम, कारण 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत कागदपत्रेही वाहून गेली होती आणि ज्याच्याकडे जन्माचा पुरावा नाही त्याला पुढचा प्रत्येक कागद अडतो. तो दिवस रविवार होता, नाताळच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. सणासाठी माणसे एकत्र जमलेली होती. किनाऱ्यावरची गावे त्यानंतर आत सरकली, मधाच्या पोळ्यासारखी गोल, खांबांवर उभी असलेली जुनी घरे जवळपास संपली आणि त्यांच्या जागी पत्र्याच्या छपरांची एकसारखी घरे आली. आजही रात्री जमीन जराशी हलली की सारे गाव कंदील आणि टॉर्च घेऊन रस्त्यावर येते, कोणीही मोठ्याने बोलत नाही, आणि तासाभराने जसे आले तसे परत जाते. अशा रात्री मी कोणाला धीर देण्याच्या भरीस पडत नाही. मीच शेजारच्या आजीचा हात धरून उभी असते.

नोंदवह्यांखेरीज बँकेचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारमधील नावाची दुरुस्ती, हे सगळे साहेबांकडे येते. निकोबारी भाषा रोमन लिपीत लिहितात, सरकारी कागद हिंदीत किंवा इंग्रजीत असतो, आणि या तिघांच्या मध्ये एकच नाव चार तऱ्हांनी लिहिले जाते. प्रवचन त्यांना महिन्यातून एखादे मिळते, तेही हिंदीतून. तरुण सेवकांचा एक वर्ग ते घेतात आणि संध्याकाळी दहावीच्या मुलांचे गणित. चाळीस वर्षे व्यासपीठावर उभे राहिलेल्या माणसाला खाली बसणे आरंभी अवघड गेले, हे मी पत्नी म्हणून सांगू शकते. त्यांनी स्वतः ते कधी मान्य केलेले नाही.

माझे काम पिशवीत मावते: रक्तदाबाचे यंत्र, साखर तपासण्याच्या पट्ट्या, मलमपट्टीचे सामान आणि एक वही. बेटावर रुग्णालय आहे, डॉक्टर आहेत. मी त्यांच्या जागी नाही. पण म्हातारी माणसे गोळ्या आणतात आणि बरे वाटले की बंद करतात, हे नगरला होते तसे येथेही होते, म्हणून मी घरोघर जाते. येथे घर म्हणजे एक कुटुंब नव्हे. 'तुहेत' म्हणजे मोठा गोतावळा. जमीन, नारळाची झाडे, डुकरे सारी त्या गोतावळ्याची, आणि निर्णय वडीलधाऱ्यांचा. एका आजोबांच्या जेवणातले मीठ कमी करायचे तर मला अगोदर तुहेतच्या प्रमुख बाईंशी बोलावे लागले, त्यांनी इतरांशी चर्चा केली, आणि तीन दिवसांनी साऱ्यांच्याच पानातले मीठ कमी झाले. रुग्णालयातल्या माझ्या उभ्या नोकरीत एवढा आज्ञाधारक वॉर्ड मी पाहिला नव्हता. वडीलधारी माणसे सांगतात की पूर्वी रक्तदाब हा शब्दही कोणाला माहीत नव्हता, मदतीचा तांदूळ आणि बिस्किटे आली आणि मागोमाग तोही आला. यातले किती खरे, किती स्मरणाने गोड केलेले, हे ठरवणे माझे काम नाही. मी वहीत आकडे लिहिते.

दुपारी आम्ही झोपतो. मुलांचा फुटबॉल दुपार उलटताच सुरू होतो आणि अंधार पडेपर्यंत चालतो. होड्यांच्या शर्यतींचा सराव असला की आम्ही किनाऱ्यावर जातो. येथेही त्यांना 'होडी'च म्हणतात, आणि हा शब्द प्रथम कानावर पडला तेव्हा परदेशात गाववाला भेटावा तसे मला झाले होते.

आता जे सहसा कोणी विचारत नाही, ते सांगते. तिसऱ्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाई नगरला वारल्या. निरोप सकाळी आला. हवा बिघडलेली होती, हेलिकॉप्टर उडत नव्हते, आणि जहाज सहा दिवस नव्हते. लग्न होऊन आले तेव्हा ज्यांनी मला चुलीपुढे बसवून भाकरी थापायला शिकवले, त्यांची माती पाहायला मी जाऊ शकले नाही. दुपारी ओसरीवर माणसे येऊ लागली. कोणी काही बोलले नाही. माझ्या हिंदीत दुःखाचे शब्द थोडे आणि त्यांच्या हिंदीतही थोडेच. बायकांनी उकडलेले केवड्याचे फळ आणले, गोल बसल्या आणि दोरे काढू लागल्या. थोड्या वेळाने मीही त्यांच्यात बसले. सहा दिवस, जहाज येईपर्यंत, त्या रोज आल्या. मी जहाजात चढले नाही. तोवर नगरला सारे विधी उरकले होते.

2020 मध्ये समुद्राखालून केबल आली तेव्हापासून फोन बराच बरा लागतो. उन्हाळ्यात साडेसहाला येथे मिट्ट काळोख असतो, आमची जेवणे झालेली असतात, साहेब मुलांच्या वह्या तपासत असतात आणि मी उद्याच्या घरांची यादी करत असते. तेवढ्यात नगरहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल येतो. त्याच्या मागे गच्चीवर अजून पिवळे ऊन पडलेले दिसते, आणि आमच्याकडचा अंधार पाहून तो दर वेळी तेच विचारतो, "काकू, झोपला होतात का?"