ओटीपी आला का, माऊली?

व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न भरायचे, या आमच्या धंद्यात महिन्याची ११ आणि २० तारीख म्हणजे एकादशीच, त्या दिवशी जेवण काही होत नाही. ११ ला आर-वन, म्हणजे विक्रीचा हिशेब, २० ला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, आणि मधले दिवस व्यापाऱ्यांच्या मागं लागून बिलं गोळा करायची. नाथांची पालखी पैठणहून पंढरपूरला ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, ती २०२५ ला नेमकी १८ जूनला आली, म्हणजे थ्री-बीच्या ऐन तोंडावर. एरवी पुढं ३१ जुलैचं आयकराचं ओझं असतं म्हणून वारीला निघायची हिंमतच होत नाही, पण त्या वर्षी ती तारीख १५ सप्टेंबरपर्यंत ढकलली. मी बायकोला म्हटलं, बघ, पांडुरंगानंच सर्क्युलर काढलं. ती म्हणाली, मग त्याला पोरीची फी पण पुढं ढकलायला सांगा.

बरोबरच होतं तिचं. माझं ऑफिस म्हणजे मी आणि एक लॅपटॉप. शटर बंद तर कमाई बंद. दिंडीत भरायची भिशी २,८०० आणि बूट ४,२००. बुटाला बघून तिनं हात जोडले. पण मला गर्व होता ना, वर्षभर रविवारी अंतूर, वेताळवाडी, गौताळा करतो, चालणं म्हणजे काय ते मला कोण शिकवणार.

१७ च्या रात्री तीनपर्यंत बसून चौतीस रिटर्न भरले. राहिला एक, हार्डवेअरवाला, ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातो आणि मोबाईल तो उचलत नाही. तिसऱ्या दिवशी शेवगाव तालुक्यात कुठंतरी एका पिठाच्या गिरणीत लॅपटॉप चार्जिंगला लावून बसलो, बाहेरून दिंड्या चालल्यात, टाळ-पखवाज, डोक्यावर तुळशी, आणि मी आतून ओरडतोय, शेठ ओटीपी सांगा, ओटीपी! गिरणीवाल्याच्या पोराला वाटलं हा काहीतरी नवीन गजर आहे. शेठ म्हणाले मी लग्नात आहे, संध्याकाळी बघू. संध्याकाळी फोन बंद. दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ती कुणाच्या खिशातून जाणार हे मला माहीत होतं.

पुढचे दिवस एकात एक मिसळलेत. पहाटे काकडा, टँकरपुढं रांग, रांगेत भांडण, भांडून झालं की माऊली म्हणून एकमेकांच्या पाया पडायचं. आमच्या रावटीत एक रिटायर्ड गुरुजी होते ते रात्री घोरायचे आणि सकाळी मलाच विचारायचे, झोप झाली का? दोनदा वाटलं एसटी पकडावी. मग हरिपाठाला उभा राहिलो की विसरायचो.

गारमाथ्याचा घाट मात्र लख्ख आठवतो. रथ चढावर अडला, बैलांना माणसांचे हात लागले, आणि भानुदास एकनाथ, भानुदास एकनाथ असा जो काही गजर उठला त्यात मी पण होतो, घसा फाटेपर्यंत, आणि डोळ्यातून पाणी का येतंय तेच कळेना. वर पोचल्यावर मोबाईल बघितला, सात मिस्ड कॉल, सगळे शेठचे.

आणि तिथून पाटोद्याकडं उतरताना टाच गेली. ४,२०० च्या बुटात रुपयाएवढा फोड. माझ्या शेजारून सत्तरीच्या बाया प्लास्टिकच्या चपलेत सरासर पुढं. दिंडी गेली, मागची पण गेली, मी एका बांधावर लिंबाखाली बसून बूट काढला तर मोजा चिकटलेला.

रानात सरकी टोबायचं काम चालू होतं. दोन बाया रोजानं आणि एक मालकीण. ती आली, पाय बघितला, काही न बोलता घरी गेली आणि सुई-दोरा घेऊन आली. सुई काडीच्या जाळावर धरली, फोडातून आरपार ओवली आणि दोरा आतच ठेवून दोन्हीकडून तोडला. "काढू नको, पाणी झिरपू दे. चामडी सोलशील तर बस मग आषाढीपस्तोर." वर तेलात कालवलेली हळद. तिचा पदराला हात पुसायचा ढंग असा की जणू बैलाचा खूर बघितला. रोजाच्या बाया तेवढ्यात सावलीला टेकल्या, तर त्यांना पण एक हाळी.

"काय करतोस लेकरा?"

म्हटलं, मावशी, सरकारी फॉर्म भरतो लोकांचे.

झालं. पीएम किसानचे दोन हजार यायचे बंद झाले होते, केवायसी नाही म्हणून. सेंटरला दोन खेपा, दोन्ही वेळेस सर्व्हर डाऊन. मी मोबाईल काढला. नेटवर्क बोअरच्या कट्ट्यावर उभं राहिलं तरच, म्हणून मी एका पायावर त्या कट्ट्यावर. आधारला नंबर पोराचा जोडलेला, पोरगा चाकणला कंपनीत, फर्स्ट शिफ्टला, आत मोबाईल न्यायला बंदी. थांबलो. तिनं ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा आणून दिला. मला चिडचिड व्हायला पाहिजे होती, पालखी तोवर कुठं पोचली असेल, पण झाली नाही. अडीचच्या पुढं शिफ्ट सुटली, पोराचा फोन लागला. पहिला ओटीपी सांगेपर्यंत एक्सपायर. दुसरा लागला. केवायसी झाली म्हटल्यावर ती म्हणाली, "बरं झालं, आता ऊठ, अंधार पडायच्या आत गाठशील."

बूट तिथंच बांधावर ठेवला, तिच्या पोराच्या जुन्या चपला घातल्या.

खर्डा, परंडा, करकंब, सगळं त्या चपलेवर. एकादशीला कळसाला हात जोडले, चंद्रभागेत पाय बुडवले, दोरा कधीच गळून पडला होता. द्वादशीला एसटीनं घरी, कारण ११ तारीख डोक्यावर. शेठची लेट फी माझ्याच वहीत, वारी खर्च या खात्यात, भिशीच्या खाली.

२ ऑगस्टला हप्ता सुटला. दुपारी फोन वाजला, शेठ म्हणून उचलला.

"आलं बरं का दोन हजार. बूट ठिवलाय तुझा माळ्यावर. आन् ते नमो शेतकरीचं बी बघ की जरा."