रानऔषधींची रोपवाटिका : कार्तिकातली पाण्याची नोंद

परतीचा पाऊस गेला, हवा कोरडी झाली. रोपवाटिकेत पाण्याचं खरं काम आता सुरू होतं. पावसाळ्यात वरून पडतं ते पडतं, आपल्या हातात फक्त निचरा असतो. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला, द्राक्षबागांच्या शेजारी माझं शेडनेट आहे, त्यातली सध्याची स्थिती लिहितो.

कळलावी पूर्ण वाळली. आश्विनातच पानांची टोकं पिवळी पडू लागली होती, आता वेल काडीसारखा झालाय. तिचं पाणी बंद केलंय ते थेट पुढच्या मृगापर्यंत. नवीन मंडळी इथेच कळवळतात. वेल वाळताना दिसला की झारी उचलतात आणि ओल्या मातीत झोपलेला कंद कुजतो. इगतपुरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे कळलावी मस्त येते, मग तिला भरपूर पाणी लागत असणार, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण ती उगवते कुठे ते बघा. उतारावर, झुडपांच्या आधाराने, मुरमाड मातीत. पाणी येतं आणि लगेच वाहून जातं. शिवाय तो पाऊस चार महिन्यांचा, उरलेले आठ महिने डोंगर कोरडाठाक. पावसाचा आकडा बघून पाणी ठरवायचं नाही, मुळाशी पाणी किती वेळ थांबतं ते बघायचं.

म्हणून कंदांच्या कुंड्यांत मी निम्मा चाळलेला मुरूम आणि वाळू घालतो, बाकी पोयटा आणि जुनं शेणखत. आपली काळी माती पिशवीत नकोच. ओली असताना चिकट गोळा होतो. वाळली की आकसून पिशवीच्या कडेपासून सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, वरून ओलं दिसतं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो.

कळलावीबद्दल आणखी एक. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि फुटवा टोकालाच येतो. टोक मोडलं तर ती बाजू वाया. त्यामुळे कुंडी उकरून ‘कंद जिवंत आहे का’ हे बघायचा मोह टाळलेला बरा. सगळं झाड विषारी आहे, कंद तर फारच. घरात लहान मुलं असतील तर कुंड्या उंचावर ठेवा आणि हाताळल्यावर हात धुवा.

सफेद मुसळीचीही पानं गेली, पण तिला कळलावीचा नियम लावलेला नाही. तिची मुळं मांसल असतात, माती कोरडीठाक झाली की सुकून सुरकुततात. मुसळी करणारे शेतकरीसुद्धा पानं वाळल्यावर काढणीपर्यंत जमिनीत थोडी ओल धरतात. मी अधूनमधून वरवर शिंपडतो, इतकंच.

शतावरी हिरवीगार. तिच्या गाठाळ मुळांत पाणी साठलेलं असतं, त्यामुळे एखादं पाणी चुकलं तरी ती मनावर घेत नाही. गुळवेलीचं तर विचारूच नका, तोडून फांदीवर टांगली तरी हवेत मुळं सोडते. फक्त ताजी छाटणी लगेच ओल्या पिशवीत खुपसू नये, काप सुकू द्यावा.

वेखंड आणि ब्राह्मी मात्र पाणथळ जागेतली. त्यांच्या कुंड्या पाण्याच्या उथळ थाळीत उभ्या आहेत. डासांची भीती खरी आहे, म्हणून आठवड्यातून एकदा थाळी पूर्ण रिकामी करून घासतो आणि मग नवीन पाणी भरतो. बोअरचं पाणी जड आहे, कडेला पांढरा थर धरतो, थाळी घासली की तोही निघतो.

बेहड्याची आणि अर्जुनाची रोपं शेजारी ठेवली होती, ती आता वेगळी केली. अर्जुन ओढ्याकाठचा, पिशवी हलकी लागली की पाणी मागतो. बेहडा सोटमूळ झपाट्याने खाली सोडतो. त्याला रोज थोडंथोडं पाणी दिलं की मूळ वरच्याच ओलीत रमतं. त्याला एकदाच भरपूर, पिशवीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि मग वरची बोटभर माती सुकेपर्यंत थांबायचं. पुढे डोंगरावर लावायची रोपं असतील तर ही सवय रोपवाटिकेतच लागलेली बरी.

पिशवी उचलून वजन घेणं हीच माझी ओल मोजायची पद्धत. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, पिशवी कशी लागते हे हाताला एकदा कळलं की दुसरं काही लागत नाही. थंडीत पाणी सकाळी ऊन आल्यावर देतो. निफाडकडची थंडी इकडेही पोचते, संध्याकाळी भिजवलेली रोपं रात्रभर गारठतात. सर्पगंधेची वाढ आत्ताच मंदावली आहे, तिची पाळी लांबवलीय.

बियाणं आणि कंद रोपवाटिकांतूनच घेतो. अंजनेरीचा डोंगर 2017 पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथलं काहीही उकरायचं नाही, ‘एकच कंद’ सुद्धा नाही.

माघ-फाल्गुनात हिरड्याची फळं मिळतील. गर काढून आठळ्या भिजत घालायच्या आहेत. त्या उगवायला फार वेळ घेतात, तेव्हा त्यांचा वाफा झारीच्या रोजच्या वाटेवर, नळाजवळ करणार आहे.