एन ब्लॉक झालं का तुमचं?

आमची बिल्डिंग एन ब्लॉकला, म्हणजे अख्खी एकदम विकायला, निघालीय असं इथे सिंगापुरात कुणाला सांगितलं, की आधी अभिनंदन होतं. ऑफिसातल्या एकाने तर भर कॅन्टीनमध्ये 'हुआत आ!' अशी आरोळी ठोकली. हुआत म्हणजे भरभराट. चिनी नववर्षाला जेवणाच्या टेबलांभोवती हीच आरोळी घुमते. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला, किती मिळणार? कुठे राहायला जाणार, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.

एन ब्लॉक हा शब्द मूळचा फ्रेंच, अख्खा गठ्ठा एकदम अशा अर्थाचा. मोठ्या खरेदी-विक्रीच्या कागदपत्रांत शोभणारा. सिंगापूरकरांनी तो तिथून उचलून हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, आणला आणि त्याचं क्रियापद करून टाकलं. टॅक्सीवाले जुनी इमारत दाखवून 'दिस वन शुअर एन ब्लॉक' असं भाकीत करतात. मलय 'केना' पुढे जोडून 'केना एन ब्लॉक' असंही म्हणतात. 'केना' खरं तर दंड झाला, मार बसला अशा ठिकाणी येतो, पण इथे बोलणाऱ्याचा चेहरा हसरा असतो. माझ्या सासूबाईंना यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्या पिढीत डोंबिवलीला फ्लॅट नव्हे, ब्लॉकच घेत असत. त्यामुळे ब्लॉकचंच काहीतरी चाललंय, एवढं त्यांना बरोबर कळलं.

तुम्हाला वाटेल, हे आपलं रिडेव्हलपमेंटच. मलाही सोसायटी म्हटलं की तेच आठवतं. बाबांच्या सोसायटीत बिल्डर ठरतो, कॉर्पसवरून (बिल्डर रहिवाशांना देतो त्या रकमेवरून) भांडणं होतात, लोक भाड्याच्या घरात जातात आणि (बिल्डर पळाला नाही तर) त्याच जागी, त्याच वाण्याच्या दुकानासमोर परत येतात. एन ब्लॉकमध्ये परत येणं हा प्रकारच नाही. सगळे मालक मिळून जमिनीसकट अख्खी इमारत विकतात, पैसे वाटून घेतात आणि आपापल्या वाटेने जातात. विकासक ती पाडून नवी कॉन्डो, म्हणजे खाजगी फ्लॅटची इमारत, बांधतो. तिथे तुम्हाला राहायचं असेल तर चालू भावाने विकत घ्या. मी हे फोनवर तीनदा समजावल्यावरही बाबांनी विचारलंच, "मग नव्या बिल्डिंगमध्ये तुमचा मजला कितवा?"

पूर्वी यासाठी इथे शंभर टक्के मालकांची संमती लागायची, म्हणजे एक अडून बसला की संपलं. 1999 मध्ये कायदा बदलला. इमारत दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर 80 टक्के पुरतात, नवी असेल तर 90. उरलेल्यांना घर विकावंच लागतं. स्ट्राटा टायटल्स बोर्डापुढे आक्षेप घेता येतो, पण 'मला इथेच राहायचंय' हे कारण तिथे चालत नाही. विक्रीतून कर्जसुद्धा फिटणार नाही, किंवा व्यवहार प्रामाणिकपणे झाला नाही, असं काहीतरी दाखवावं लागतं. ते कधीकधी दाखवताही येतं. होरायझन टॉवर्स ही इमारत 2007 मध्ये 50 कोटी सिंगापूर डॉलरला विकायचं ठरलं, काही रहिवासी कोर्टात लढले आणि 2009 मध्ये सर्वोच्च पातळीवर तो व्यवहार रद्द झाला. बहुतेकांचं असं होत नाही. 1976 ची पर्ल बँक, घोड्याच्या नालाच्या आकाराची ती इमारत, 2018 मध्ये 72.8 कोटींना गेली आणि पाडली गेली. वास्तुरचनावाले हळहळले. विकणारे हळहळल्याचं माझ्या कानावर नाही.

आपल्याकडेही 2019 पासून पुनर्विकासाला 51 टक्के पुरतात, हे मला ठाऊक आहे. आकडा आपला अधिक निर्दय. पण आपल्याकडे त्या 49 टक्क्यांनाही घर मिळतं, आणि तेही तिथेच. हे मी इथल्या मैत्रिणीला अभिमानाने सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, किती वर्षांनी? मुंबईत बिल्डरकडून येणारं भाडं बंद झालेली आणि अर्धवट सांगाड्याकडे बघत म्हातारी झालेली दोन कुटुंबं माझ्या नात्यातच आहेत. मी विषय बदलला.

तर आमच्या फलकावर सह्यांची टक्केवारी लागते आणि लोक ती मॅचच्या स्कोअरसारखी बघतात. वरच्या मजल्यावरच्या आंटी सही करत नाहीत. वय सत्तरीच्या पुढे, चाळीसेक वर्षं त्याच घरात, पोटच्या पोरांसारखी जपलेली ती गॅलरीतली झाडं. आलेल्या पैशांत याच भागात एवढं घर त्यांना मिळणार नाही, हा हिशोब त्यांनी एजंटच्या तोंडावर मांडला आणि तो चूक नाही. विक्रीच्या समितीतला एक गृहस्थ त्यांना 'अडवणूक करणाऱ्या' म्हणतो. मला तो शब्द आवडत नाही. एका सभेत मी तसं बोललेही.

आम्ही मात्र सही केली. करायलाच हवी होती. घर 99 वर्षांच्या लीजवर आहे, निम्मी वर्षं संपत आलीत, आणि जसजशी लीज घटते तसतशा बँका हात आखडता घेतात, गिऱ्हाईक कमी होतं. शेवटी जमीन सरकारकडेच जायची. शिवाय गळके पाइप, सतत बंद पडणारी लिफ्ट, दुरुस्तीला कुणी पैसे काढत नाही, कारण सगळे गेली कित्येक वर्षं एन ब्लॉकचीच वाट बघतायत. आम्ही थोडेच इथले, आम्हाला कुठेही राहता येईल, असंही नवरा म्हणाला. हे वाक्य मला आवडलं नाही, पण खोडून काढता आलं नाही. मुलीची शाळा जवळ आहे म्हणून हे घर घेतलं होतं. ती आता पुढच्या वर्षी शाळेतून बाहेर पडेल.

सही वकिलासमोर होते. मन बदललं तर मागे घ्यायला पाच दिवस मिळतात. आंटी मला लिफ्टमध्ये भेटल्या त्या तिसऱ्या दिवशी. "यू साइन ऑलरेडी, आह?" एवढंच विचारलं, मी हो म्हटलं. मग त्यांनी मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. पाचवा दिवस उलटून गेला. पहिल्या सहीपासून वर्षभरात 80 टक्के जमले नाहीत तर हे सगळं बारगळेल. सध्या आकडा सत्तरीत अडकलाय, आणि एजंट दर आठवड्याला नव्या किमतीचा मेसेज पाठवतोय.