वीस डॉलरची नोट

शनिवारी रात्री भाचीला घेऊन 'स्पायडर-मॅन २' पाहिला. सॅम रायमीचा, २००४चा. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि ट्रेनवरच्या मारामारीखेरीज डोक्यात फारसं काही उरलं नव्हतं. या खेपेला मात्र एका नोटेपाशी अडकलो.

पीटरचा, म्हणजे स्पायडर-मॅनचा मुखवटा घालणाऱ्या पोराचा, वाढदिवस असतो. मे काकूचे घराचे हप्ते थकलेत, घर जायची वेळ आली आहे. तरी ती वीस डॉलर पुढे करते. पीटर नको म्हणतो, तशी ती एकदम चिडते, घे म्हणून ओरडते आणि लगेच रडवेली होते. माझी काकू अशीच. मी कराडहून पुण्याला निघालो की एस.टी. हलता हलता खिडकीतून हात घालून पन्नासची नोट खिशात कोंबायची. काकांचा पगार तीन-तीन महिने अडकायचा त्या काळातसुद्धा.

आणि पीटर खोलीवर पोचतो न पोचतो तोच घरमालक ती नोट त्याच्या हातातून काढून घेतो. भाडं थकलंय, पिझ्झा पोचवायला उशीर झाला म्हणून नोकरी गेलीय, धुलाईत लाल-निळ्या पोशाखाचा रंग पांढऱ्या कपड्यांना लागलाय. जग वाचवणाऱ्या माणसाची ही ओढाताण इतक्या जवळून दाखवणारा सुपरहिरोपट माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

पुढे तो काकूला सांगतो, की बेन काका गेले त्यात माझी चूक होती. तिचा हात त्याच्या हातावर असतो. ती तो हळूच काढून घेते, उठते आणि जिना चढून जाते. एक शब्द नाही. मे काकू झालेल्या रोझमेरी हॅरिस यांनी तिथे जे केलंय ते मी तीनदा मागे घेऊन पाहिलं.

म्हणूनच राग येतो, की नंतर याच काकूच्या तोंडी हिरो म्हणजे काय यावर लांबलचक बोलणं घातलंय. तिने जिना चढताना सगळं सांगून झालेलं असतं. पीटरचं जिच्यावर प्रेम आहे त्या मेरी जेनच्या वाट्याला तर वाट बघणं, रुसणं आणि शेवटी बांधलं जाणं एवढंच. नाटकात काम करणारी मुलगी ही, पण त्या कामाबद्दल तिला काय वाटतं ते कळतच नाही. जिच्याशी लग्न ठरलंय ती पळून गेल्यावर त्या बिचाऱ्या अंतराळवीराचं काय झालं, याचीही कुणाला फिकीर नाही.

खलनायक डॉक ऑक्टोपसच्या यांत्रिक भुजा आजही खऱ्या वाटतात. दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं ते योग्यच. त्याचं काम करणाऱ्या आल्फ्रेड मोलिनांनी तर त्या राक्षसातला दुखावलेला शास्त्रज्ञ शेवटपर्यंत जिवंत ठेवलाय. पण पीटरच स्पायडर-मॅन हे ठाऊक नसलेल्या डॉकला पीटरकडून स्पायडर-मॅनचा ठावठिकाणा काढायचा असताना तो त्याच्याच अंगावर मोटार फेकतो! भाचीने तिथेच विचारलं, "मामा, हा मेला असता तर मग पत्ता कुणाला विचारणार होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झोपताना तिने आणखी एक विचारलं. ती नोट घरमालकाने घेतली हे पीटरने काकूला सांगितलं असेल का?

नसेल सांगितलं. माझ्या पन्नासच्या नोटा मेसच्या थकलेल्या बिलात जायच्या, हे मीही काकूला कधी कळू दिलं नाही. ती दर वेळी विचारायची, काही चांगलंचुंगलं खाल्लंस ना रे? मी हो म्हणायचो.