ड्राय बाल्कनीतलं दुसरं सिंक: आधी नहाणी बघा

ओट्यावर एक सिंक असताना दुसरं हवं कशाला? कढया, कुकर, पातेली बाहेर घासता यावीत म्हणून. पण दुकानात जाण्याआधी बाल्कनीतली नहाणी, म्हणजे जमिनीतलं जाळीचं पाणी जायचं भोक, कुठे उतरते ते सोसायटीच्या प्लंबरला विचारा. पावसाच्या पाण्याच्या लाइनला ती जोडलेली असेल, तर खरकटं पाणी तिथे सोडायचंच नाही.

नहाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाण्याचं सील असतं, म्हणजे वास अडवणारं थोडं पाणी कायम साठलेलं असतं. सिंकखाली वेगळा बॉटल ट्रॅप, म्हणजे असंच पाणी धरून ठेवणारी बाटलीसारखी वाटी, बसवला की दोन सीलच्या मधे हवा अडकते आणि पाणी गुडगुडत, रेंगाळत उतरतं. शिवाय बॉटल ट्रॅपच्या वाटीत चहाचा चोथा आणि भात साचतो. त्यापेक्षा ४० मिमीचा सरळ पीव्हीसी पाइप घ्या, मीटरला साधारण एक इंच उतार द्या आणि पाइपाचं तोंड नहाणीच्या जाळीखाली रबरी रिंगेतून उतरवा. तोंड जाळीवर मोकळं राहिलं की झुरळं आलीच. वळ्यावळ्यांचा फ्लेक्सिबल पाइप मधे झोल खातो, त्या झोलात तेल थिजतं. वॉशिंग मशीनचा पाइपही त्याच नहाणीत असेल तर मशीन पाणी सोडताना फेस सिंकमध्ये वर येऊ शकतो; जागा असेल तर त्याला वेगळं तोंड काढून घ्या.

आता सिंक. दुकानातलं २४ × १८ इंच हे माप काठासकट असतं, आतली वाटी दोनेक इंचांनी कमी भरते. म्हणून घरातली सर्वांत मोठी कढई कानांसकट मोजून न्या. खोली ९-१० इंच पुरे. १२ इंची सिंक दणकट दिसतं, पण घासणाऱ्याची कंबर धरते. काठ कोपरापेक्षा दोन-तीन इंच खाली यावा, घासणाऱ्याच्या कोपरापेक्षा, गवंड्याच्या नव्हे!

पत्रा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, १ मिमी जाड. दुकानदार लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ म्हणेल. त्यावर जाऊ नका. स्वस्त २०२ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि बोअरच्या खाऱ्या पाण्यात, विशेषतः जोडांपाशी, तांबेरा धरतो तो हाच. स्टील तपासायचं द्रावण आणि बॅटरी दुकानात असेल तर पत्र्यावर थेंब टाकून बॅटरी लावायला सांगा: लाल रंग आला की २०२.

नळ फिरत्या मानेचा, भिंतीतला घ्या. त्याचं तोंड काठापासून निदान १० इंच वर हवं, नाहीतर उभा हंडा खाली सरकतच नाही.