आन्दोंग, सहा जण आणि तापलेली जमीन

कोरियात, सोलमध्ये राहून तीन वर्षं झाली तरी आम्ही सहा जण मिळून कुठे म्हणून गेलो नव्हतो, दर वेळी ग्रुपवर प्लॅन शिजायचा आणि दर वेळी कुणाचं तरी ऑफिस आडवं यायचं. या ऑक्टोबरात एकाने कुणालाही न विचारता सरळ आन्दोंग शहराची केटीएक्सची, म्हणजे वेगवान ट्रेनची तिकिटं काढली आणि पैसे मागायला लागला, मग काय, गेलो.

मुक्काम आन्दोंगजवळच्या हाहवे या जुन्या गावातच, एका मिनबाकमध्ये, म्हणजे लोकांच्या घरातच खोली. हाहवे म्हणजे नदीचं वळण, नाकदोंग नदी या गावाला खरंच तिन्ही बाजूंनी वळसा घालून जाते. गावाच्या मधोमध र्‍यू घराण्याचे मोठे कौलारू वाडे आणि कडेला गवताने शाकारलेली बैठी घरं, आमचं अर्थातच कडेचं. २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण लोक अजून तिथे राहतात, वाळत घातलेल्या मिरच्या आणि चड्ड्या सगळं दिसतं, आणि फोटो काढताना जरा लाजच वाटते.

खोलीत पलंग नाही, जमिनीवर पातळ गादी. बाहेर चूल पेटवायची, धूर जमिनीखालच्या दगडी बोळांतून फिरून पलीकडच्या धुराड्यातून जातो आणि जमीन तापते, हेच ते ओन्दोल. चुलीकडचा कोपरा सगळ्यात गरम, तिथला जमिनीवरचा तेलकागद भाजून पार चहासारखा झालेला. त्या कोपऱ्यावरून आमची शाळकरी पोरांसारखी भांडणं झाली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि जिंकणारा रात्रभर पापडासारखा भाजला, दर पाच मिनिटांनी कूस बदलत होता. दारं कागदाची, त्यामुळे कोण घोरतंय ते शेजारच्या खोलीलाही कळलं असणार.

सकाळी घरच्या आज्जींनी खारवलेला बांगडा भाजून दिला. समुद्र इथून लांब, पूर्वी येओंगदोकच्या किनाऱ्यावरून मासे डोंगर ओलांडून यायचे, ते नासू नयेत म्हणून मीठ, आणि आता तीच आन्दोंगची खासियत. आमच्यातला शाकाहारी बिचारा भात आणि मुळ्यावर बसला, वर त्या मुळ्याच्या किमचीतही मासळीची खार असते हे आम्ही त्याला परतीच्या ट्रेनमध्येच सांगितलं.

मग डोंगराच्या कडेने चारेक किलोमीटर चालत ब्योंगसान सवॉनला. सवॉन म्हणजे जुनी कन्फ्यूशियन शाळा, आणि ही र्‍यू सॉन्ग-र्‍योंगच्या नावाने. १५९२ ला जपानने स्वारी केली त्या युद्धात हा पंतप्रधान, आरमाराचा सेनापती यी सुन-शिनला पुढे आणणाराही हाच. युद्ध संपता संपता पदावरून काढला तर गावी येऊन आपलं काय चुकलं तेच लिहीत बसला, मला हा माणूस जाम आवडला.

तिथला मानदेरू म्हणजे नुसता लांबलचक माडीचा मंडप, सात खण, भिंतच नाही, खालचे खांब झाड जसं वाकडं होतं तसेच ठेवलेले. वर चढायला बंदी होती म्हणून आधी सगळे कुरकुरले, पण मागच्या वर्गाच्या ओट्यावर बसलं की त्या सात खणांतून नदी आणि समोरचा डोंगर असा काही दिसतो की आम्ही अर्धा तास गप्प बसलो, आमचा ग्रुप आणि गप्प! बाहेर नोकरांसाठीचा जुना संडास आहे, मातीची भिंत गोगलगायीसारखी आत वळलेली, दार नाही, छप्पर नाही तरी आतलं बाहेरून दिसत नाही. आमच्यातल्या इंजिनिअरने मानदेरूपेक्षा याचेच फोटो जास्त काढलेत.

संध्याकाळी गावातल्या सहाशे वर्षांच्या झेल्कोव्हा झाडाला इच्छा लिहून चिठ्ठ्या बांधल्या. कुणी काय लिहिलं ते सांगायचं नाही असं ठरलेलं, पण रात्री अंथरुणं घालताना चुलीकडचा कोपरा मोकळाच राहिला, सगळे भिंतीला चिकटून थंड बाजूला, आणि दात घासून शेवटी आत आलेल्याने तो कोपरा बघून म्हटलं, मी झाडाला हेच सोडून सगळं मागितलं.