‘पुढे ढकललंय’ या शब्दात चार महिने: कन्व्हेन्शनच्या तिकिटांचे पैसे मी कसे परत मिळवले

बुधवारी रात्री साडेनऊला ईमेल आला. शनिवारी सकाळी मी आणि माझा भाचा पुण्याहून मुंबईला निघणार होतो. अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) आणि कॉमिक्सच्या चाहत्यांचं दोन दिवसांचं कन्व्हेन्शन, म्हणजे मेळावा, होता आणि ज्या परदेशी कलाकाराचा आवाज ऐकत भाचा लहानाचा मोठा झाला, तो पाहुणा म्हणून येणार होता. ईमेलमध्ये तीन ओळी: अपरिहार्य कारणामुळे कार्यक्रम पुढे ढकलत आहोत, नवी तारीख लवकरच कळवू, आपली तिकिटं वैध राहतील.

भाच्यानं विचारलं, “मावशी, रद्द नाही ना झालं?”

“पुढे ढकललंय म्हणतायत.”

“मग कधी?”

याचं उत्तर त्या ईमेलमध्ये नव्हतं.

हा मुलगा नववीत. ऑक्टोबरपासून माझ्याकडे येऊन कन्व्हेन्शनला घालून जायचं चिलखत बनवत होता. बोहरी आळीतून फोमच्या शीट आणल्या, शेजाऱ्यांची हीट गन मागून आणली. फोम गरम करायचा, गुडघ्यावर दाबून त्याला बाक द्यायचा, सांधे रबर सोल्युशननं चिकटवायचे. खांद्याचे तुकडे तीनदा फसले, चौथ्यांदा जमले. खर्च मी मोजला नाही. त्याचे रविवार मात्र मोजता येतात, पंधरा तरी असतील. हे लिहिते आहे कारण पुढे एकानं मला “फक्त तिकिटाचाच तर प्रश्न आहे ना” असं ऐकवलं.

तिकिटाचा हिशोब असा. दोन दिवसांचे दोन पास, प्रत्येकी 1,899 रुपये, आणि वर 214 रुपये सुविधा शुल्क. हे 4,012 रुपये मी क्रेडिट कार्डानं भरले होते. पाहुण्यासोबत फोटो आणि सहीसाठीचे 3,500 रुपये नंतर आयोजकांच्या क्यूआर कोडवर यूपीआयनं दिले. एकूण 7,512. दोन वेगळ्या वाटांनी गेलेले पैसे दोन वेगळ्या वाटांनीच परत आणावे लागले.

पहिले पंधरा दिवस मी वाट पाहिली आणि ती माझी चूक झाली. चाहत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज कोणी ना कोणी लिहायचं, “थोडा धीर धरा, आपणच तक्रारी केल्या तर इथे पुन्हा कोणी कन्व्हेन्शन करणार नाही.” त्यांची भीती मला कळते. आपल्याकडे असे कार्यक्रम मोजकेच होतात आणि प्रत्येकाला ते टिकायला हवे आहेत. पण आमच्या या प्रेमाचाच उपयोग आमची तोंडं बंद ठेवायला होत होता, याचा मला आजही राग आहे. 2020 मध्ये कोविडमुळे अमेरिकेतल्या सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन हे मोठं कन्व्हेन्शन रद्द झालं, तेव्हा पासधारकांना सरळ विचारलं गेलं होतं: पैसे परत हवेत की पास 2021 साठी ठेवायचा? आम्हीही एवढंच मागत होतो.

मार्चमध्ये दुसरा ईमेल आला: कार्यक्रम यंदा होणार नाही, तुमच्या रकमेचं क्रेडिट पुढच्या वर्षी वापरता येईल. त्याखाली ‘स्वीकारा’ असं बटण होतं. ग्रुपमधल्या बऱ्याच मुलांनी ते दाबलं. मी दाबलं नाही. त्याच ईमेलला उत्तर लिहिलं: क्रेडिट मला मान्य नाही, पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करा, मुदत सात दिवस. हे चार ओळींचं उत्तर पुढे सगळ्यात जास्त कामी आलं.

आयोजक म्हणाले, तिकीट विकणाऱ्या अॅपला विचारा. अॅपवाले म्हणाले, आयोजकांनी मंजुरी दिल्याशिवाय आमच्या हातात काही नाही. असं दोनदा झाल्यावर मी बँकेकडे वळले. कार्डाच्या व्यवहारावर ‘सेवा मिळाली नाही’ या कारणानं डिस्प्युट, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागणारी हरकत, टाकता येतो. त्याला साधारण 120 दिवसांची मुदत असते, ती सहसा कार्यक्रमाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात. पण बँकेला फोन करून खात्री करून घ्या. मला जोडावं लागलं ते तिकीट, दोन्ही ईमेल, पैसे मागितल्याचा माझा ईमेल आणि कार्यक्रमाच्या पानाचा स्क्रीनशॉट. हा स्क्रीनशॉट मी पहिल्याच रात्री काढून ठेवला होता. नंतर त्या पानावरून तारीख गायब झाली.

तीन आठवड्यांनी बँकेचा फोन: समोरच्या पक्षानं हरकत घेतली आहे. अटींमध्ये ‘तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत’ असं लिहिलंय आणि आम्ही क्रेडिट देऊ केलंय, असं त्यांचं म्हणणं. मी क्रेडिट नाकारल्याचा ईमेल पुन्हा पाठवला. मे महिन्यात 4,012 रुपये कार्डावर कायमचे जमा झाले.

यूपीआयचे 3,500 मात्र अडकले. बँकेनं ‘व्यवहार यशस्वी’ म्हणून तक्रार बंद केली. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन लावला. तक्रार नोंदवून क्रमांक मिळाला. हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही, ती तक्रार कंपनीकडे पोचवते आणि समझोत्याचा प्रयत्न करते. आयोजकांकडून उत्तरच आलं नाही.

तेव्हा मी स्वतः नोटीस लिहिली आणि स्पीड पोस्टनं पाठवली, वकिलाशिवाय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेचे पैसे परत न करणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, पावतीवर मुदत नसेल तर 30 दिवसांची मुदत आहे, हे त्यात लिहिलं. पंधरा दिवसांत रक्कम आली नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन, हेही लिहिलं. तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आयोजकांच्या शहरात जावं लागत नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मी तिथे मसुदा भरूनही ठेवला होता. अकराव्या दिवशी आयोजकांच्या हिशोबनीसाचा फोन आला, खात्याचा तपशील मागितला. दोन दिवसांनी 3,500 रुपये आले.

मुंबईच्या मुक्कामासाठी भरलेले हॉटेलचे 2,800 गेले ते गेलेच. ते मागण्यासाठी आयोगात जायला हवं होतं, माझ्यात तेवढा जोर उरला नव्हता.

चिलखत माळ्यावर आहे. जूनमध्ये भाच्यानं ते काढून घालून पाहिलं, तर खांद्याचे तुकडे आखूड पडत होते. चार महिन्यांत पोरगा उंच झाला होता.

ग्रुपमधल्या ज्या मुलांनी यूपीआयनं पैसे भरले आणि क्रेडिट घेतलं नाही, त्यांना मी माझ्या नोटिशीचा मसुदा पाठवला आहे. आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. त्यातल्या दोघी अकरावीतल्या आहेत, त्यांच्या आईवडिलांशी मी या रविवारी बोलणार आहे.